गाऱ्हाण्यात घालायचा शब्द

चाळीत मला कुणी नावाने हाक मारत नाही. "ए आयटम" म्हणतात. कारण मी आयटम करतो. म्हणजे आवाज काढतो. आमच्या हायस्कुलाच्या हेडमास्तरांचा काढतो, चाळीच्या सेक्रेटरीचा काढतो. वाण्याच्या दुकानातल्या फोनवरून गावाला ट्रंककॉल लावणाऱ्या भावोजींचा काढतो. भावोजींना वाटतं, गाव जितकं लांब तितकं मोठ्याने ओरडायचं. त्यांचा आयटम मी त्यांच्यासमोरच करतो आणि सगळ्यात जास्त तेच हसतात.

मी मूळचा कुडाळकडचा. शाळा तिकडेच झाली. घाटकोपरला डोंगराच्या अंगावर आमची चाळ आहे, तिथे ताईकडे राहतो. भावोजी पूर्वी गिरणीत होते. संप झाला, तो संपला असं कुणी जाहीर केलंच नाही, आणि मधल्यामध्ये भावोजी एका सोसायटीत वॉचमन झाले. मी मुलुंडला एका छोट्या कंपनीत आहे, इलेक्ट्रिकची बटणं बनवतात तिथे, पॅकिंगला.

गणपतीत सगळ्यात जास्त वन्स मोअर माझ्या बायल्याच्या आयटमला. एक हात कंबरेवर, मान वाकडी, एवढं केलं की पुढच्या रांगेतली पोरं सतरंजीवर लोळायला लागतात. पुढे काही बोललो नाही तरी चालतं. हा आयटम मी आठवीत बसवला. कारण तोपर्यंत पोरं तो शब्द मला लावायला लागली होती. कशावरून लावला कुणास ठाऊक, मी तर तसा चालायचोही नाही. म्हटलं लावता ना, थांबा, करूनच दाखवतो. करून दाखवल्यावर तो शब्द माझ्या अंगावरून उतरला आणि आयटम झाला. झकास युक्ती होती. फक्त एक व्हायचं, लोक हसत असले की मला आतून काही वाटायचं नाही. दातवाल्या डॉक्टरने सुई मारल्यावर गाल कसा होतो, आहे तिथेच आहे, पण चावला तरी कळत नाही. तसं. आधी वाटायचं हे आयटमपुरतंच आहे. मग ते आयटम संपल्यावरही राहायला लागलं.

मला मुली आवडत नाहीत. पुरुष आवडतात. हे मला शाळेपासून माहीत आहे. त्यात मोठं असं काही नव्हतं. आपल्याला भेंडी आवडत नाही हे माहीत असतं तसं माहीत होतं. वांधा झाला तो ताईने स्थळ आणलं तेव्हा.

मुलगी आमच्या बाजूच्याच गावची. बोरिवलीला तिच्या मामाकडे आली होती. दिवाळी झाल्यावर एका रविवारी आम्ही बघायला जायचं ठरलं. ठरलं म्हणजे ताईने, भावोजींनी आणि त्या मामाने ठरवलं. पत्रिका जमली होती. मुलगी शिवणकाम शिकलेली. आणि आमच्यात एकदा मुलगी बघायला गेलं की नाही म्हणणं फार अवघड, कारण सगळे एकमेकांचे कोणीतरी लागतात. म्हणजे मला जे काय सांगायचं ते बोरिवलीच्या आधी सांगायला हवं होतं. आणि सांगायचं तर कारण लागतं. नुसतं 'नको' हे आमच्याकडे कारण होत नाही.

मी एकदा प्रयत्न केला. ताई मोरीत बसून बांगडे साफ करत होती. घरात आम्ही मालवणीच बोलतो.

"ताई, माका लगीन नको."

"लग्नाआधी तुझे भावोजी पण असाच म्हणी होते."

"माझा वेगळा असा."

"कसला वेगळा?"

आता इथे शब्द पाहिजे होता. माझ्याकडे एकच होता आणि तो गणपतीत वापरून वापरून गुळगुळीत झालेला. मी म्हटलं, "मी तसलो असंय."

"तसलो म्हणजे?"

आणि माझा हात आपोआप कंबरेवर गेला. मी नेला नाही, गेला. मानही वाकडी झाली. ताई इतकी हसली की खवलं लागलेला हात तिने तसाच कपाळाला लावला.

"मेल्या, बांगडे साफ करूक दी माका! भायर जा. कायच्या काय ह्यो झील."

मी बाहेर गेलो. मला राग आला नाही, वाईट वाटलं नाही. गॅलरीत उभा राहून समोरच्या चाळीवर कोण पतंग उडवतंय ते बघत बसलो.

म्हणजे शब्द बदलायला पाहिजे होता. दुसरे लोक काय वापरतात ते बघावं असं मी ठरवलं.

आमच्या कंपनीतला सुपरवायझर चाळिशीचा. मुलुंडलाच राहतो, बायको, दोन मुलं, दर गुरुवारी उपास. त्याचं आणि माझं मधूनमधून काहीतरी होतं. कधी तो बोलवायचा, कधी मी थांबायचो. झाल्यावर तो शर्ट खोचून "उद्याचा माल तयार आहे ना?" असं विचारायचा, जणू त्यासाठीच आम्ही थांबलो होतो. जेवणाच्या सुट्टीत शेडच्या मागे पत्र्याच्या सावलीत आम्ही डबे उघडले होते, तेव्हा मी त्याला विचारलं.

"साहेब, आपल्याला काय म्हणतात?"

"आपल्याला म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला. आणि मला."

त्याने इकडेतिकडे बघितलं. मग लोणच्याची फोड माझ्या डब्यात टाकली.

"मला काय म्हणणार? मी लग्नाचा माणूस. आपण शौकीन. एखाद्याला पानाचा शौक असतो, एखाद्याला पत्त्यांचा. त्यात काय म्हणायचं असतं?"

"आणि मी?"

"तू पण शौकीनच रे. लग्न कर, दोनाचे चार हात होऊ देत. शौक काय कुठे पळून जात नाही."

"आणि बायकोला काय सांगायचं?"

"पान खातो ते सांगतो का मी बायकोला? वास आला तर येऊ दे."

तो खूश होता, खरंच खूश. एवढा खूश माणूस मी आमच्या शेडमध्ये दुसरा पाहिला नाही. मी मनात त्याचा आवाज लावून बघितला, 'आपण शौकीन.' आवाज हुबेहूब बसला. पण ताईसमोर म्हणून बघितलं, मनातच, तर ताई विचारायला लागली, कसलो शौक, खंयच्या बारमधी जातंस?

पॅकिंगमध्ये माझ्या बाजूला एक जण बसतो, माझ्यापेक्षा दोनचार वर्षांनी मोठा, त्याचे आईवडील बीडकडचे. एकदा नवीन आलेल्या फिटरने बोलता बोलता त्याच्या जातीचा जुना शब्द वापरला, शिवी म्हणून नाही, असाच, सवयीने. हा बटणं मोजत होता. मोजणं न थांबवता बोलला, "बौद्ध. तोंड भरून बोल, बौद्ध." फिटर बोलला, "बौद्ध." हा बोलला, "हां." आणि पुढचा बॉक्स घेतला. मला ते फार आवडलं. दुपारी मी त्याला विचारलं, तुला असं ठणकावून बोलताना भीती नाय वाटत? तो बोलला, "माझ्या बापाने हा शब्द स्वतः घेतलाय रे, कुणी दिलेला नाय. आणि बाप काय एकटा नव्हता. सगळे होते."

हे मात्र मला पटलं, आणि पटलं म्हणून उपयोगाचं नव्हतं. शब्द घ्यायला मागे माणसं लागतात. माझ्या मागे कोण, तर शेडच्या मागचा सुपरवायझर. तो तर विचारलं असतं तर मला ओळखतही नाही म्हणाला असता.

मग उरला पार्ल्याचा. हा पार्ल्याचा म्हणजे माझा मित्र. तिथल्या एका हॉलमध्ये एकांकिकांची स्पर्धा होती, आमच्या चाळीने भाग घेतला होता, मी त्यात तीन भूमिका आणि एक कुत्रा केला. तो लाइटवर होता. नाटक पडलं, पण तो नंतर येऊन मला बोलला, "कुत्रा अप्रतिम केलास तू." तिथून ओळख. त्याच्या घरी पुस्तकांची कपाटं, आई शिक्षिका, बोलणं सगळं धुतलेलं. तो 'म्हणालो' म्हणतो, आम्ही 'बोललो' बोलतो. त्याच्या गच्चीवर आम्ही पाण्याच्या टाकीला टेकून बसायचो. टाकीच्या मागे आमचं काय ते होतं. मला त्याच्याबरोबर जे वाटायचं ते सुपरवायझरबरोबर वाटायचं नाही. म्हणजे थोडंफार वाटायचं. सुई उतरायला लागल्यावर गालाला मुंग्या येतात ना, तेवढं.

"अरे, ह्याला शब्द आहे," तो म्हणाला. त्याचा मावसभाऊ परदेशात असतो, त्याने तिकडचं एक इंग्रजी मासिक आणलं होतं. "गे. तिकडे लोक स्वतःच स्वतःला म्हणतात. मोर्चे काढतात. मी गे आहे. तूही आहेस. म्हणून बघ."

"गे," मी बोललो.

"तसं नाही. वाक्यात."

"मी गे आहे."

"हा माझा आवाज काढलास तू."

खरंच काढला होता. मी परत केला. तेव्हा हेडमास्तर आले. मग भावोजी आले, ट्रंककॉलवर, 'हालोऽऽ! मी गे असंय! ऐकाक येता काय?' तो आधी हसला, मग हसायचा थांबला.

"तुला लाज वाटते का ह्या शब्दाची?"

"लाज नाय वाटत रे. काहीच नाय वाटत. फार छोटा आहे. बोलायला लागेपर्यंत संपतो."

"मला तो वाचला तेव्हा रडू आलं होतं," तो म्हणाला. "आपण एकटे नाही असं वाटलं. तू घरी सांग. हाच शब्द वापर, आणि सरळ सांग, मी असा आहे म्हणून लग्न करणार नाही."

"ताईला काय कळणार? तिला वाटेल काय खायचं आहे."

"मग समजावून सांग."

"काय समजावू? तूच सांगितलंस का तुझ्या आईला?"

खाली त्याची आई हाक मारत होती, खिचडी गार होतेय म्हणून. आम्ही खाली जाऊन खिचडी खाल्ली. त्याची आई मला म्हणाली, "तू येतोस ना, तेव्हा हा जरा माणसात येतो." तो ताटात बघत राहिला. मी म्हटलं, काकू, अजून थोडी वाढा.

रविवार आला तेव्हा माझ्याकडे बायल्या, शौकीन आणि गे असे तीन शब्द होते, आणि त्यातला एकही आमच्या खोलीत चालणारा नव्हता.

आता आमच्या लोकांची एक रीत सांगायला हवी. कुठल्याही चांगल्या कामाला निघायच्या आधी आम्ही देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो. म्हणजे एक माणूस मोठ्याने देवाला सगळं सांगतो, कोण आहोत, काय काम आहे, काय अडचण आहे. आणि त्याचं प्रत्येक वाक्य 'म्हाराजा' म्हणून संपलं की बाकीचे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मुंबईत देऊळ लांब, म्हणून खोलीतल्या फळीवरच्या देवांसमोरच घालतो. आमच्या चाळीत गाऱ्हाणं घालणारे एक काका आहेत. सगळ्यांची गाऱ्हाणी तेच घालतात, बारशापासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत. नेमका त्या सकाळी काकांचा घसा बसलेला. आदल्या आठवड्यात कुणाकडे तरी सलग भजनं झाली, तेव्हापासून त्यांच्या तोंडातून नुसती हवा येत होती.

खोलीत ताई, भावोजी, काका आणि शेजारची दोघंतिघं. सगळे कपडे करून तयार. मी नवीन शर्ट घातलेला, घडीच्या रेघा तशाच.

"आता काय करूचा?" ताई बोलली. "गाऱ्हाण्याशिवाय कसा जाऊचा?"

"मी घालतंय," भावोजी बोलले.

काकांनी जोरजोरात मान हलवली. नाही. त्यांनी माझ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या गळ्याकडे.

भावोजींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "व्हय की! ह्यो काकांचो आवाज काढता! देवाक तो आवाज वळकीचो असा. माझो आवाज ऐकान देव म्हणतलो, ह्यो कोण नवीन इलो?"

शेजारची बोलली, "अहो, पण जेचा लगीन तोच गाऱ्हाणा घालता काय खंय?"

"आवाज काकांचो असा ना? मग झाला तर. देवाक थोबाड दिसणा नाय, आवाज ऐकाक येता."

काकांनी मान डोलावली. त्यांना हे एकदम मंजूर होतं. ते भिंतीला टेकून बसले, मांडीवर हात ठेवून, स्वतःलाच ऐकायला.

मी नारळासमोर बसलो. काकांचा आवाज मला पाठच आहे. ते सुरुवातीला खाकरतात, मी खाकरलो. शेजारच्या हसल्या. ताईने डोळे वटारले. मग मी लावला.

"बा देवा म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुझ्या लेकरांनी तुझ्या पायापुढे नारळ ठेवललो असा म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"मुलखासून लांब, ह्या डोंगरार येवन ऱ्हवलेली ही तुझी लेकरां, तेंका तू सांभाळलंस म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

एकदा गाडी लागली की गाऱ्हाण्यात कुणी ऐकत नसतं. सगळे 'म्हाराजा' कधी येतो याची वाट बघतात. भावोजी उदबत्तीला काडी लावत होते. शेजारचीचं अर्धं लक्ष तिच्या खोलीतल्या स्टोव्हवर होतं. काकांनी डोळे मिटले होते. मी स्वतः तिथे फारसा नव्हतो, काका बोलत होते. आणि काका गाऱ्हाण्यात जे करतात तेच पुढे आलं. ते कधी कोण काय आहे याचं नाव ठेवत नाहीत. दारू पिणाऱ्याला दारुडा म्हणत नाहीत, 'ह्येचो हात ग्लासाकडे जाता म्हाराजा' म्हणतात. देवाला अडचण सांगायची असते, माणसाचं नाव नको असतं. हे मला तिथे बसल्यावर कळलं, म्हणजे कळलं असंही नाही, तोंडातून निघालं.

"आज ह्या झिलासाठी चेडू बघूक बोरिवलीक जाऊचा असा म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"पण ह्या झिलाचा मन चेडवांकडे जाणा नाय म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

भावोजींचा सगळ्यात मोठा होता.

"ह्येचा मन बापयांकडे जाता म्हाराजाऽऽ!" आमच्याकडे झील म्हणजे मुलगा, चेडू म्हणजे मुलगी आणि बापयो म्हणजे पुरुष.

"व्हय म्हाराजा!"

"ल्हानपणापासून जाता, आणि बदलूचा नाय म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"दुसऱ्याच्या लेकीच्या जन्माचा वाटोळा होवचा नाय, असा कायतरी कर, आणि काय चुकला-माकला तर पदरात घे म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

शेवटच्या तीन वेळा एक आवाज कमी होता. मला आवाज मोजायची सवय आहे, धंदाच तो. ताईचा नव्हता.

मी वर बघितलं. ताई माझ्याकडे बघत नव्हती. तिने नारळ उचलून हातात धरला होता. खरं म्हणजे आता तो फोडायचा असतो आणि निघायचं असतं. भावोजी बोलले, "झकास! काका, तुमची नोकरी गेली आता." काका खूश होऊन हवेतल्या हवेत हसले. शेजारची स्टोव्ह बघायला पळाली.

"फोड गो नारळ," भावोजी ताईला बोलले. "उशीर होता."

"आज जाऊक नको," ताई बोलली.

"काय?"

"माका बरा वाटणा नाय."

"अगो, लोकां थांबली असत! पोहे भिजत घातले असतले त्यांनी!"

"भिजांदेत. आधी गावाक देवाकडे कौल लावया. कौल न लावता जाऊक नको."

"आत्ता आठवला तुका? कपडे करून झाल्यार?"

कौल म्हणजे गावच्या देवळात गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. मोठ्या गोष्टीत आमची माणसं कौलाशिवाय हलत नाहीत, पण हल्ली मुंबईत राहून लोक ते सोडायला लागले होते. भावोजी चिडून काकांकडे वळले. काका भिंतीला टेकलेले, घशातून हवा काढत बोलले, "कौल व्हयोच." मग भावोजी पायात चपला घालून वाण्याकडे फोन करायला गेले. त्यांचा आवाज वाण्याच्या दुकानापासून आमच्या गॅलरीपर्यंत ऐकू येत होता.

मुलीच्या मामाकडे पोहे खरंच भिजवले होते. ते मागाहून कळलं. तिने साडी नेसून केसात काहीतरी माळलं असेल. मला तिच्यासाठी वाईट वाटायला हवं होतं. मी गॅलरीत उभा राहून वाईट वाटायची वाट बघितली. मग शर्ट काढून खुंटीला लावला.

दुपारी ताई चहाचे कप धुवायला नळावर गेली आणि मला बोलली, "ये, कप धर." कप फार नव्हते. मी गेलो.

"देवाच्या म्होरं खोटा बोललंस नाय ना?"

"नाय."

"आयटम नाय ना तो?"

"नाय."

"माका आधी कित्याक सांगलंस नाय?"

"सांगलंय होतंय. बांगड्यांच्या दिवशी. तू हसलंस."

ती कप घासत राहिली. एकच कप, बराच वेळ.

"पण तू तसो चलणस नाय. बोलणस नाय."

"नाय."

"मग त्येका काय म्हणतत?"

"एक म्हणता शौकीन."

"दारूबिरू?"

"नाय. दुसरो म्हणता गे."

"ह्या काय?"

"इंग्लिश असा."

"आणि तू काय म्हणतंस?"

"माका म्हायत नाय."

ती उठली. पदराला हात पुसले. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, नळ सोडा, आमचा नंबर आहे. ताई वर बघून ओरडली, "सोडतंय, सोडतंय, जीव जाता काय तुझो?" मग मला हळू आवाजात बोलली, "देवाक सांगलंस ना, आता तो बघतलो. भावोजींका सांगू नको. तेंका मी बघतंय."

मे महिन्यात ताई गावाला गेली. मला नेलं नाही. आल्यावर पिशवीतून आंबे काढता काढता तिने भावोजींना सांगितलं, "डावो दिल्यान."

"डावो?"

"दोनदा लावलो. दोनदा डावो."

भावोजी बोलले, "देवच नाय म्हणता तर आपण कोण?" आणि एक आंबा कापायला घेतला. कौल खरंच लावला होता का, देवासमोर उभं राहून ताईने नेमका काय प्रश्न विचारला, तो कुठल्या शब्दात विचारला, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिच्याबरोबर गेलेलं कुणी नव्हतं.

तेव्हापासून चाळीत माझ्या लग्नाचा विषय निघाला की लोक म्हणतात, "ह्येचो कौल लागणा नाय." बायका आपसात हळहळतात. म्हणजे मला चौथा शब्द मिळाला, तोही मी न मागता, आणि आश्चर्य म्हणजे तो सगळ्यांना चालला. कुणी कंबरेवर हात ठेवला नाही.

मी हे पार्ल्याच्या गच्चीवर सांगितलं. त्याला राग आला.

"म्हणजे एका पाकळीवर सोडलंस? तुझं आयुष्य आहे यार."

"पाकळीने काम तरी केलं. तुझ्या मासिकाने काय केलं?"

"पण ते खोटं आहे."

"खोटं मी बोललो नाय. मी खरं बोललो, सगळ्यांसमोर, सगळे हो म्हणाले."

"कुणी ऐकलंच नाही!"

"एकीने ऐकलं."

तो बराच वेळ टाकीच्या नळाशी खेळत बसला. मग म्हणाला, "माझी आई 'व्हय म्हाराजा' म्हणणार नाही. ती मुद्दे काढेल." आणि आम्ही दोघं हसलो. मला त्या हसण्यात थोडं काहीतरी वाटलं. फार नाही. त्याने मला परत तो शब्द म्हणायला सांगितलं नाही. तो स्वतः मात्र म्हणतो, माझ्यासमोर, टाकीमागे, कधी कधी नुसताच, काही संबंध नसताना. त्याला तो बरा बसतो. त्याच्या तोंडून ऐकायला मला चालतो.

आता परवाची गोष्ट. चाळीत टोकाच्या खोलीत नवीन बिऱ्हाड आलं, आई आणि तिचे दोन मोठे मुलगे. धाकटा पोस्टात आहे, तिशीचा, बिनलग्नाचा, दिसायला साधाच. ताई त्यांच्याकडे विरजण द्यायला गेली होती. आली आणि जेवायला वाढायला लागली. भावोजी ड्युटीवर होते. आम्ही दोघंच.

"त्या पोस्टातल्याची आऊस सांगी होती, तेच्यासाठी मुली बघतत," ती बोलली. "तो कोपऱ्यात बसललो. कायच बोलणा नाय. मी बघलंय तेच्याकडे."

"मगे?"

"माका वाटता, तो तुझ्यासारखो असा."

मी भात कालवायचा थांबलो.

"माझ्यासारखो म्हणजे?"

ताईने आमटीची पळी उचलली, माझ्या भातावर धरली, विचार केला. काही दुसरं शोधतेय असं वाटलं.

"तुझ्यासारखो," ती बोलली आणि आमटी ओतली.

आमटी गरम होती. बोट भाजलं. मी बोट तोंडात घातलं आणि दुसऱ्या हाताने ताट पुढे ओढलं.